तिसरी डोंगरी

साकोलीहून निघालेली एसटी
पाळीवर वळते आणि एकदम पाणी.
गाव म्हणजे त्या पाण्याच्या काठाला
सुकत घातलेलं जाळं, इतकंच.

"बेटं बघायची आहेत," मी म्हणालो.
सयत्रा नागपुरे डोंग्यातलं पाणी
डालड्याच्या डब्यानं उपसत राहिली.
"बेटं कायची? डोंगऱ्या हायेत तीन.
बसा. शंभर रुपये. पाय हालवू नोका."

पहिलीवर शेंदराचा दगड
आणि कुणाची तरी चप्पल,
एकच, डाव्या पायाची.

दुसरीवर तिनं उतरू दिलं नाही.
पाणकावळे अंड्यांवर बसले होते.
"बाळंतीन घरात पाव्हना जाते का?"
लांबूनच वास आला, पिसांचा, मासळीचा.

शिंगाड्याच्या वेली वल्ह्यानं सारत
तिनं एक सोलून दिला.
गोड नव्हता. थंड होता.

"आणि तिसरी?"
तिनं दाखवली ती जेमतेम
चार बाभळी मावतील एवढी.
"ते फागुनापर्यंतच डोंगरी.
मंग पानी उतरते,
अन् माहा भासरा तिथं पायी जाऊन
डांगरं लावते."

वहीत मी आधीच 'तीन' लिहून ठेवलं होतं.
खोडलं नाही.
पुढं फक्त लिहिलं: कार्तिक.

परतताना तिनं विचारलं,
"तुमच्या गावाले पानी हाय का?"
"आहे की. नळाला. दिवसाआड."

ती इतकी हसली
की डोंगा हलला,
पाळीवरचे बगळे उडाले,
आणि मी, पाय न हलवता,
गुडघ्यापर्यंत भिजलो.