करडा, तीनशे नग

मौलेशने टेबलावर सात नमुने मांडले.
त्यातल्या दोघांना स्वतःच्या पायावर उभंही राहता येत नव्हतं.
"आत बाटली घाला ना बेन, मग बघा," तो म्हणाला.
मी घातली. दोन लिटरची, भरलेली.
निळ्याची चेन बाटलीच्या खांद्यापाशी अडली,
लालचा पट्टा वजनाने दीड बोट लांबला,
सहा बाटल्यांची पिशवी तेवढी नीट बसली
आणि तिने अर्धं टेबल खाल्लं.

खरेदी विभाग म्हणजे मी आणि एक पंखा.
मकरपुरा जीआयडीसी, विभावरी व्हॉल्व्ज, पंचवीस वर्षं पूर्ण.
डीलरांना घड्याळं देऊन झाली,
डायऱ्या आता कोणी लिहीत नाही.
शेठ म्हणाले, मे महिना आहे, गार राहील असं काहीतरी द्या
आणि नाव लांबून दिसलं पाहिजे.

नाव लांबून दिसण्याचे दर वेगळे असतात.
एक रंग अठरा रुपये, दोन रंग सत्तावीस,
भरतकामाचं विचारूच नका.
अस्तराची जाडी मौलेशच्या तोंडून तीन मिलिमीटर,
माझ्या नखाच्या मते अडीच.

चाचणी घ्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं.
कँटीनच्या फ्रीजमधल्या आठ बाटल्या,
सात अंगरख्यांत, एक उघडी,
गेटमागच्या ओट्यावर, अकरा ते दोन.
फोर्कलिफ्टवाला भूपत दर तासाला
एकेकीतून उंचावरून घोट घ्यायचा, ओठ न लावता,
आणि मी वहीत लिहायची:
गार. बरी. गार. कोमट. गेली. बरी. गार.
दोन वाजता उघडीत चहापत्ती टाकायची बाकी होती.
भूपत म्हणाला, बेन, आता मला जेवण नको.

करडा जिंकला. दिसायला सगळ्यांत वाईट.
शेठना निळा आवडला होता. मी वही पुढे केली.
तीनशे नग, पट्टा दुहेरी शिवणीचा, अक्षरं पांढरी.

माल उतरला त्याच आठवड्यात कंपनी विकली गेली.
नवं नाव तीन इंग्रजी अक्षरांचं,
मला अजून एका दमात म्हणता येत नाही.
समारंभ रद्द. गोडाऊनमध्ये तीनशे विभावरी, प्लास्टिकसकट.
वरून ईमेल आला:
जुन्या नावाची सर्व सामग्री नष्ट करावी.
'नष्ट' हा शब्द मी दोनदा वाचला
आणि भूपतला हाक मारली.

आता मांजलपूरच्या सिग्नलला रिक्षाच्या हँडलवर,
तरसालीकडे विटांच्या थप्पीआड,
छास विकणाऱ्या एका बाईच्या खांद्यावर
विभावरी दिसते. चांगली लांबून.
हे शेठच्या थोरल्या बहिणीचं नाव.
ती कारखान्यात कधी आल्याचं मला आठवत नाही.

भूपत सांगत होता, त्याच्या मेव्हण्याची चेन अडकते.
मौलेशला फोन करायला हवा.
वॉरंटीचे अजून चार महिने आहेत.