नऊ नियम

नियम मीच शिकवायचो.
जेवणानंतर, पत्र्याच्या खोलीत, पंखा फिरतोय न फिरतोय,
तीस पोरं, निम्मी पेंगलेली,
आणि फळ्यावर माझं तिरपं अक्षर:
पाण्याची टाकी दिसता कामा नये.
फाटक नको, गाडीचा नंबर नको, दंडावरचा बिल्ला नको.
गस्त किती वाजता निघते, हे आईलासुद्धा नाही.
बाटली चुकून कोपऱ्यात आली
तर अख्खा मंगोलिया प्यायलेला दिसतो –
यावर सगळे हसायचे, पेंगणारेही.
असे नऊ.

गानझोरिग पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घ्यायचा.
गोबीतला पोरगा, पावसालाही पाहुणा म्हणणारा,
आणि इथे बेन्तियूत जिकडे बघावं तिकडे पाणी.
मातीचा लांबच लांब बांध,
आत माणसं,
बाहेर बुडालेल्या गोठ्यांचे नुसते शेंडे.

बांधावर न्यावाल बसायची.
ओल्या पोत्यावर कमळाचे कंद,
पाच-पाचचे वाटे.
त्याने खुणेनं विचारलं, फोटो काढू?
ती हसली, मान हलवली.
होकारच होता तो, मी नाही म्हणत नाही.
कशाला होकार, ते कुणी विचारलं नाही.
तिच्याकडे फोन नव्हता.
काचेत आपण दिसलो, काच काळी झाली,
संपलं,
एवढंच तिच्या हिशेबी.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. सार्जंट, जरा बघता?
टाकी कापलेली. बिल्ला धूसर. लोकेशन बंद.
दोन बोटांनी फोटो ताणून
मी चारही कोपरे तपासले,
मधोमध ती हसत होती, तिच्यावरून बोटं सरकवत.
दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवला:
असं करतात, बघा.

तीन दिवसांत चार हजार बदाम.
त्याच्या आईचा आवाज आला, वाऱ्यात फाटलेला:
दात काय सुरेख आहेत रे तिचे.
पण पोर उपाशी दिसते. काही दे तिला.
त्याने बिस्किटांचे दोन पुडे दिले.

मग एका सकाळी पोतं होतं, वाटे होते,
ती नव्हती.

कोआंग, आमचा दुभाषा, बुटाचा चिखल काडीनं काढत राहिला.
माणूस एक होता, म्हणाला, तिकडे जुबाला.
चाळीस गाई मोजल्या होत्या त्याने तिच्यासाठी.
दोन वर्षांपूर्वी पळाली ती, छातीएवढ्या पाण्यातून.
पुरानं रस्ते गिळले, तेवढीच तिची लपायची जागा.
मी म्हटलं, पण लोकेशन बंद होतं.
हो, म्हणाला. चेहरा चालू होता.
आणि मागे बांध.
असा बांध या मुलखात दुसरा कुठे आहे, सार्जंट?

कुणी म्हणतं, नेलं.
कुणी म्हणतं, तिला आधीच कळलं, होडी मिळाली,
ती पपायरसच्या दाटीत कुठेतरी आहे.
कोआंग यांपैकी काहीच म्हणत नाही.

वरून कागद आला. रकाना सहावा:
कोणत्या नियमाचा भंग झाला?
मी लिहिलं, एकाही नाही.
खरं तेच लिहिलं.
गानझोरिगनं फोटो पुसला, एका अंगठ्याचं काम.
चार हजारांतल्या कुणाकुणाकडे अजून असेल.

आता वर्गात मी फळ्यापाशी उभा राहतो
आणि नवव्यानंतर खडू खाली ठेवत नाही.
पोरं वाट बघतात. जांभया देतात.
दहावा मला एका ओळीत बसवता येत नाही.

त्याची आई रोज पहाटे तंबूबाहेर येऊन
पळीभर दूध नैऋत्येला शिंपडते, मुलगा सुखरूप राहावा म्हणून.
परवा तिनं विचारलं,
त्या हसऱ्या मुलीची दिशा कोणती?
तिच्याही नावानं शिंपडीन म्हणते.
फोन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला.
मीच बोललो मग,
आजी, चारही दिशांना शिंपडा.

बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाली,
शेळ्या आटल्यात, बाळा.
चार दिशांना पुरेल एवढं दूध नाही.