अडवलेला तो अडवलेलाच

शनिवारी चारनंतर खारीवाव रोडवरच्या माझ्या दुकानात
झेरॉक्सचं काम कमी, पत्त्यांचं जास्त.
मिस्बाह, हेत आणि घोरपड्यांचा ऋतुध्वज
लॅमिनेशनच्या टेबलावर सैन्यं मांडून बसतात.
महागड्या पत्त्यांच्या रंगीत प्रती मीच काढून देतो,
दहा रुपयांना एक ड्रॅगन.
भांडण झालं की पंचही मीच,
कारण नियमांचं चोपडं मी वाचलंय,
स्पायरल घालता घालता.

पहिली गोष्ट, हेत, हल्ला प्राण्यावर होत नाही.
हल्ला होतो समोर बसलेल्या माणसावर.
‘तुझ्या कासवाला मारतो’ असं म्हणता येत नाही.
तू फक्त तुझा पत्ता आडवा करायचास
आणि गप्प बसायचंस.
मध्ये कोण येणार ते ती ठरवणार.
कुणीच येणार नाही, हेही तीच.

‘काका, आ तो खोटुं कहेवाय!’

खोटं कसलं त्यात. पुढे ऐक.
उडणाऱ्याला उडणाराच अडवतो,
कासवानं मान कितीही ताणली तरी.
आजच टेबलावर उतरलेला हल्ला करू शकत नाही,
पण अडवू शकतो. उभं राहायला
जुनी ओळख लागत नाही.
एकाला तिघं मिळून अडवतील तर अडवोत.
घाव दोन्हीकडून एकाच क्षणी पडतात,
मरणाराही मारूनच मरतो.
आणि जो आधीच आडवा पडलाय
तो कुणालाच अडवत नाही.

आज मिस्बाहचे दोनच प्राण उरलेले.
हेतनं नऊ ताकदीचा दगडी राक्षस सोडला.
तिनं समोर ठेवलं चिखलातलं पोर:
एक ताकद, एक जीव, चित्रात नाक वाहतंय.
आणि घाव पडायच्या आत
स्वतःच ते पोर उचलून बळी दिलं,
कुठल्याशा मंत्रासाठी.
हेत उडालाच. आता मध्ये कोणी नाही!
नऊच्या नऊ तिला!

मी पान बावीस काढलं.
अडवणारा नाहीसा झाला तरी
अडवलेला तो अडवलेलाच.
राक्षसावर ‘तुडव’ असं छापलेलं नसेल
तर पलीकडे काहीही पोचत नाही.

वाचून दाखवताना माझा चष्मा खाली आला.

मिल बंद पडली त्या वर्षी मी नववीत.
काका म्हणाले, पोराला कामाला लावा.
शालनताई जेवत होती.
ती उठली, हात धुतला, म्हणाली, मी जाते.
तेवढंच. कुणी तिला पुढे केलं नव्हतं.
औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली,
गोळ्यांच्या बाटल्यांत कापूस कोंबायचं काम,
अकरा वर्षं.
रात्री तिच्या नखांत पांढरे धागे असत
आणि मी शेजारी बसून
अकाउंटन्सीची जमा-नावे पाठ करत असे.
मग तिची मूत्रपिंडं गेली, मग ती.
सयाजी हॉस्पिटलातून निरोप आला तेव्हा
मी अंकलेश्वरला, रात्रपाळी करून
खोलीवर आडवा झालेलो.

तो राक्षस अजूनही माझ्यापर्यंत आलेला नाही.
मध्ये कोणी नाही, चौतीस वर्षं झाली,
तरी आलेला नाही.

‘काका, पण हे लिहिलंय कुणी? का म्हणून?’
हेतचं चालूच.
का ते चोपड्यात नाही, मी म्हटलं,
चोपड्यात फक्त काय ते असतं.
मिस्बाह मात्र काही बोलत नव्हती.
चिखलातल्या पोराचा पत्ता
तिनं मेलेल्यांच्या गठ्ठ्यावर नीट ठेवला,
कडा जुळवून.

तेवढ्यात एक बाई आधार कार्डाच्या
दोन प्रती मागायला आल्या. पुढून, मागून.
त्या देऊन झाल्यावर मशीन गरमच होतं,
म्हणून पान बावीसचीही एक काढली
आणि हेतच्या हातात दिली. फुकट.
पावती मागू नकोस, म्हटलं.