तातूचं घर

आमच्या घराला कोपरा नाही.
म्हणून आईचं लाकडी कपाट
वीस वर्षं भिंतीपासून वीतभर लांब उभं आहे
आणि त्याच्या मागे पडलेलं सगळं,
गोटी, पेन्सिल, एकदा एक लिंबू,
बशीसारख्या उतरत्या जमिनीवरून
निमूट खोलीच्या मधोमध परत येतं.

अरेग्वाच्या चढणीवर, तळ्याकडे शेपूट करून ते बसलंय.
पाठीवर खापरी खवल्यांच्या नऊ पट्ट्या,
एकीवर एक चढलेल्या,
खालच्या गल्लीतल्या कुंभारांनी दोन हिवाळे भाजलेल्या.
नाक पुढे काढलंय, त्याला आम्ही व्हरांडा म्हणतो.
बसमधले लोक माना वळवून विचारतात, गोदाम आहे का हे? चर्च?
शेजारची सेफेरिना सांगते, "दंतवैद्याचं डुक्कर."

डुक्कर नव्हे. तातू. आर्माडिलो.
ज्याच्या दातांवर एनॅमलसुद्धा नसतं
अशा प्राण्यात दंतवैद्याने काय पाहिलं,
ते निल्दालाही कळलं नाही, आणि तिने तर घर काढलं.
बाबांनी तिच्याकडे एकच हट्ट धरला:
झोपायच्या खोल्या चार हव्यात.
चारही एकसारख्या. विटेचाही फरक नको.

आम्ही भावंडं तीन.
चौथी कुणाला, आईने विचारलं.
पाहुण्यांना, ते म्हणाले.
पाहुणे आले की सोफ्यावर झोपायचे.

सेल्सोने शाळेत थाप मारली होती
की वादळात आमचं घर अंग गुंडाळून चेंडू होतं.
दक्षिणेचा वारा सुटला की पोरं फाटकाशी जमायची, बघायला.
निल्दा हसली. नऊ पट्ट्यांचा गुंडाळत नाही रे,
तो दचकला की सरळ वर उडी मारतो.
त्या रात्रीपासून सेल्सो
पलंगाचा पाय धरून झोपायला लागला.

पाचव्या-सहाव्या पट्टीमधून दर वर्षी गळतं.
पट्ट्यांच्या फटींतून ऊन येतं
आणि आई दुपारभर तुकड्यातुकड्यांत झोपते:
उजेडात कपाळ, अंधारात डोळे, उजेडात ओठ.
चौथ्या खोलीतही तसंच ऊन येतं. तिथे पलंग नाही.
शनिवारी दवाखाना बंद करून बाबा यायचे,
बूट बाहेर काढायचे
आणि ती स्वतः झाडायचे. मोलकरणीला हात लावू देत नसत.

परवा त्यांना पुरून आलो.
पोर्फिरिओकाका व्हरांड्यात बसले, नाकाच्या शेंड्यावर,
तेरेरेचा गार प्याला दोन्ही हातांत धरून.
"कापूस सडला ते साल," म्हणाले, कुणी विचारलं नसताना.
"मी दहाचा, तो सात. कुत्र्याने तातू उकरून काढला.
सुरी मी त्याच्या हातात दिली. म्हटलं, मोठा झालास आता.
पोटात चार निघाली.
अंगठ्याएवढी. चारही सारखी, एकीला झाकावं, दुसरीला दाखवावं.
पाठीवर पट्ट्या होत्या, भिजलेल्या कागदासारख्या."

मग?

"मग काय. भूक होती. आईला खाल्लं.
चार त्याने पुरली. खुरपं देत होतो, घेतलं नाही."
नळीतून शेवटचं पाणी ओढताना
प्याल्याचा आवाज झाला.

आईला हे ठाऊक होतं का, आम्ही विचारलं नाही.
ती कपाटाशी उभी होती, त्यांचे सदरे मोजत,
मोजणं चुकलं की पहिल्यापासून.

रात्री आम्ही तिघं चौथ्या खोलीत गेलो.
सेल्सोने सवयीने पलंगाचा पाय शोधला, सापडला नाही,
तो भिंतीला टेकून बसला. भिंत पाठीला बरोबर बसली.
रामोनाने झाडू घेतला.
बुधवार होता.
केर असा नव्हताच. थोडीशी तांबडी माती,
आमच्याच चपलांची,
आधीच मधोमध येऊन थांबलेली.