तीन वेढे

एदुविना बार्रियाचं घर आज टेकडीवरून खाली जायचंय,
खाडीच्या काठाला, बहिणीच्या शेजारी.
घर म्हणजे सामान नव्हे, घरच:
भिंती, फळ्यांचं छप्पर, पेटलेली चूल
आणि बाहेर यायला साफ नकार देणारं मांजर.
चिलोएत माणूस जागा बदलतो, घर बदलत नाही.
खाली दोन ओंडके सरकवलेत,
पुढे बैलांच्या अकरा जोड्या,
आणि मधे हा दोर, मनगटाएवढा,
चिखलात झोपलेला.

नोल्बेर्तो हाळी देतो.
दोर चिखलातून उठतो,
कालचा पाऊस त्याच्या पिळांतून निथळतो
कुणी धुणं पिळावं तसा.
ताठ होतो. पण अगदी सरळ नाही,
मधोमध बोटभर झोळ उरतोच;
स्वतःचं वजन कुणाला चुकलंय?

घर हलत नाही.
बैल ओढतात तेवढंच जमीन धरून ठेवते,
गुंजभर कमी नाही, जास्त नाही.
दोर गुणगुणू लागतो, बारीक, वरच्या पट्टीत.
लोक मागे सरतात.
तुटला तर तो कुणाला ओळखत नाही.

मग काहीतरी सुटतं, ओंडक्याखाली,
जिथे कुणाचंच लक्ष नव्हतं.
घर कण्हतं, निघतं,
आणि दोर क्षणभर सैल, ओशाळल्यासारखा,
खांदा लावून ढकललेलं दार
उघडंच निघावं तसा.
हलवायला लागतो तेवढा जोर चालवायला लागत नाही.
एदुविनाला हे नवं नाही,
चार वर्षं ती नुसतं "जाते, जाते" म्हणत होती.

उतारावर सगळं उलटं.
आता घरालाच घाई.
दोराला अडवून धरता येत नाही पुढून,
ढकलणं त्याला जमत नाही,
एकच क्रियापद येतं त्याला: ओढणं.
म्हणून पुढचा सोडून मागे बांधतात,
लुमाच्या म्हाताऱ्या खोडाला तीन वेढे,
आणि शेवटचं टोक देतात
यास्नाच्या हातात. वय अकरा, नाक वाहतंय.

पहिला वेढा बराचसा भार गिळतो,
उरल्यातला बराचसा दुसरा,
तिसऱ्यातून तिच्यापर्यंत पोचते
फक्त एक हट्टी शेळी.
ती बोट बोट सोडते.
घर बोट बोट उतरतं.
सालीतून धूर येतो; कुणी बादली ओततं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात.
मला उलटं वाटतं: पीळ आहे म्हणून सुंभ आहे.
ओढ जितकी वाढते
तितके हे आखूड, दुबळे धागे
एकमेकांना घट्ट धरतात.
एदुविनाच्या नवऱ्याने वळलेला हा दोर.
ती हे आज कुणाला सांगत नाही.

संध्याकाळी बटाटे, मटण, सफरचंदाची दारू.
गाठ मात्र सुटेना,
दिवसभराच्या भाराने तिचा दगड झालाय.
नोल्बेर्तो सुरी काढतो.
"असू दे," एदुविना म्हणते.

यास्ना चुलीजवळ तळवे बघतेय:
लाल, आणि त्यांवर तिरका
दोराचा पीळ उमटलेला.
मांजर अजून बाहेर आलेलं नाही.