रफू

पोर्तोत, नदीकाठच्या त्या हॉटेलात
लुदोविना पहिल्यांदाच पुढच्या दाराने आली.
लेक बंदराची पायलट झाली, त्याची मेजवानी.

वेटरने खुर्ची मागे ओढली
तर ही बाजूला सरकली,
वाटलं, त्यालाच बसायचंय.

बशीत केवढं पांढरं रान
आणि मधोमध चिमूटभर मासा.
"एवढाच?"
ग्रासा हसली. ग्लास उंचावले.

हिचा हात मात्र टेबलक्लॉथ चाचपत राहिला
काट्याच्या डाव्या अंगाला.
सापडलं.
तांदळाच्या दाण्याएवढं रफू,
जरासं तिरकं;
त्या रात्री लॉन्ड्रीतले दिवे गेले होते
आणि ग्रासाला ताप होता.

तिने बशी हळूच त्यावर सरकवली.
मग, काय मनात आलं कोण जाणे,
पुन्हा बाजूला घेतली.