वर येताना

कौकिराच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई
एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरते
आणि ओर्लिंडोला दाखवते त्याचाच खुबा:
मांडीच्या हाडाचा गोळा, वरून चेपलेला,
उकडलेल्या अंड्यावर अंगठा दाबावा तसा.

दुखायला लागलं यंदा. मेलंय फार आधी.
खोलातून घाईने वर आलास, ती सांगते,
रक्तात बुडबुडे सुटले,
सोड्याच्या बाटलीत सुटतात तसे,
एक बारीकशी नस बुजली.
हाडाला उपासमार लगेच कळत नाही.

तो आठवतो. दिवसाला बारा टाक्या,
शेवंडीमागे शेवंड,
वर होडीत भाचा, वल्हं आडवं धरून.
कप्तान वजनावर पैसे द्यायचा,
वेळेवर नाही.

म्हातारी निकोलासा म्हणते,
लिवा मैरिन, पाण्यातली बाई,
आपली शेवंड मोजून ठेवते;
जास्त नेली
की नेणाऱ्यातलं काही ठेवून घेते.

ओर्लिंडोला दोघींचंही पटतं.

काठी टेकत तो धक्क्यापर्यंत येतो.
भाच्याच्या पाठीवर यंदा टाकी आहे.
"हळू," तो ओरडतो, "वर येताना हळू ये रे!"
भाचा कानाला हात लावून
काय, काय, विचारत राहतो.
इंजिन सुरू झालेलं.